आमटी बदलली की नाक?

ताई, नमस्कार.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. अडीच एकर द्राक्षबाग आहे. मागच्या वर्षी जानेवारीत माझे मिस्टर रात्री सांगलीहून मोटारसायकलवरून येत होते. वाटेत उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मिरजेच्या दवाखान्यात ११ दिवस शुद्ध नव्हती. कपाळामागं दोन्हीकडं मेंदूला मार आहे म्हणाले, पण ऑपरेशन लागलं नाही. सव्वा महिन्यानं घरी आणलं. आता १५ महिने झाले. हातपाय चांगले आहेत, बोलणं चांगलं आहे. दिवाळीनंतर परत स्कॅन केला, तो ‘ओके’ आला.

पण ताई, हा माणूस आमचा नाही. पूर्वी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. आता मजुरांवर, पोरांवर ओरडतात. दुपारी तीननंतर जवळ जायची सोय नाही. सांगितलेलं विसरतात आणि विसरलो हे कबूल करत नाहीत. डिसेंबरात एकाच प्लॉटला एकच औषध दोनदा मारलं. मी बोलले तर म्हणाले, तूच सांगितलं नाहीस. रोज ताटावर बसले की एकच, ‘तुझ्या आमटीला चव राहिली नाही.’ १४ वर्षं हीच आमटी बोटं चाटून खाल्ली त्यांनी.

सासूबाई म्हणतात त्या वळणावर पूर्वी एक बाई गेलीय, तिचंच आहे हे. दोनदा देवऋषीकडं नेऊन उतरवून आणलं. दीर म्हणतात, काम चुकवायला नाटक करतोय. गावातली माणसं म्हणतात, नशीबवान आहेस, कुंकू शाबूत राहिलं. मागच्या तपासणीला एका शिकाऊ डॉक्टरणीनं फॉर्म भरून घेतला, आयुष्याबद्दल किती समाधानी आहात म्हणून. हे म्हणाले, ‘एकदम झकास, मला काय झालंय?’ मी बाहेर येऊन रडले. दिवसभर त्यांना लहान पोरासारखं सांभाळायचं आणि रात्री त्यांनी हात धरला की अंगावर काटा येतो. मग माझीच मला लाज वाटते.

२०१९ ला परतीच्या पावसात सगळी बाग डाऊनी रोगानं गेली, तेव्हा चार दिवस कुणाशी बोलले नव्हते, पोराला एकदा मारलंही होतं. पण त्यातून उठले. आता कधी उठणार? खरं कोण बोलतंय, ते का मी? आणि पूर्वीसारखे कधी होतील?

— एक वाचक, तासगाव तालुका

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा आमटीपाशी थांबले. बाकी सगळं तुम्ही दुखणं म्हणून लिहिलंय, आमटी तेवढी अपमान म्हणून. मला मात्र वाटतं, सगळ्या पत्रातलं सगळ्यात स्वच्छ लक्षण तीच आहे.

नाकाच्या छताशी चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाचे तंतू त्या भोकांतून वर मेंदूत जातात. डोकं जोरात आदळलं की कवटीच्या आत मेंदू सरकतो आणि हे तंतू तिथल्या तिथं तुटू शकतात. कपाळामागं मार असलेल्यांत हे बऱ्याचदा सापडतं. जिभेला कळतात त्या खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी. फोडणीतला लसूण, भाजलेलं खोबरं, कोथिंबीर, मसाला हे सगळं नाक ओळखतं, आणि आपण सवयीनं त्याला चव म्हणतो. तुमच्या मिस्टरांना बहुधा वास येत नाही. आणि येत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. त्यामुळे ते अगदी प्रामाणिकपणे सांगतात की आमटी बदलली.

खात्री करून घ्या. डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीशी कॉफीची पूड, लवंग, संत्र्याची साल धरा. परीक्षा म्हणून नको, पोरांबरोबर खेळ म्हणून. जे कळेल ते डॉक्टरांना सांगा, कारण वास गेलेल्या माणसाच्या घरी गॅसची गळती, जळकी वायर आणि सांडलेलं कीटकनाशक यांचं नाक दुसऱ्या कुणीतरी व्हावं लागतं.

आता हीच आमटी बाकीच्या पत्राला लावून बघा. मजूर हल्ली डोकं खातात. पोरं पूर्वीपेक्षा जास्त कालवा करतात. बायको सांगायचं विसरते आणि वर सांगितलं म्हणते. तुमच्या मिस्टरांच्या जागी बसून बघितलं तर हे सगळं त्यांना असंच दिसतंय. डोळ्याला मार लागला तर मेंदूला कळतं की दिसत नाही. पण स्वतःकडं बघण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाचं, त्यालाच मार लागला तर कुणी कुणाला सांगायचं? जोझेफ बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ साली या अवस्थेला ‘अ‍ॅनोसॉग्नोसिया’ असं नाव दिलं, आपल्याला आजार आहे याचीच जाण नसणं. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांची एक बाजू लुळी होती, तरी ते म्हणायचे आम्ही ठणठणीत आहोत. डोक्याच्या मारात याचा सौम्य प्रकार खूप असतो. हात दुखतो, पाय ओढतो हे माणूस मान्य करतो. चिडचिड, विसरणं, अविचारानं बोलणं त्याला दिसतच नाही.

म्हणजे हे नाटक नाही. तुमच्या दिरांना हे वाचायला द्या. आणि नुसता हेकटपणाही नाही. थोडी भीतीपोटी केलेली झाकाझाक त्यात असू शकते, कर्त्या माणसाला ‘माझं डोकं चालत नाही’ म्हणणं सोपं नसतं. पण झाकणाऱ्याला आत कुठंतरी माहीत असतं. न दिसणाऱ्याला माहीतच नसतं. त्याला दहा वेळा पुरावे दाखवले तर अकराव्या वेळी तो एवढंच शिकतो की ही बाई माझ्या पाठीमागं लागलीय.

मग स्कॅन ‘ओके’ कसा? हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, पुढचा घड ठरतो. बाहेरून काडी कितीही जोमदार दिसली तरी डोळ्यात घड आहे का नाही हे नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीआधी बागायतदार डोळे तपासून आणतात. सिटी स्कॅन म्हणजे लांबून बाग बघणं. रक्त साचलंय का, हाड मोडलंय का, सूज आहे का हे त्यात झकास दिसतं. डोकं आदळताना मेंदूतले लांब धागे ताणले जाऊन तुटतात, ते त्यात बहुतेक वेळा दिसत नाहीत. स्कॅन ‘ओके’ म्हणजे आता ऑपरेशनचं कारण नाही, इतकाच त्याचा अर्थ. डॉक्टर घाईत एक शब्द बोलतात आणि घरी त्याचा अर्थ ‘माणूस बरा झाला’ असा होतो. डिस्चार्ज कार्डावर जीसीएस म्हणून ३ ते १५ मधला एक आकडा असेल, त्याचंही तेच. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजपट्टी काढली. शुद्ध किती हरपली होती ते त्यावरून कळतं. पण तो आकडा त्या रात्रीचा आहे. आज दुपारी तीन वाजता घरात काय होतं ते त्यात लिहिलेलं नाही.

दुपारी तीन कशासाठी, तेही सांगते. कपाळामागचा मेंदू हा टोळीचा मुकादम. कुणाला आधी लावायचं, कुठं थांबायचं, कुठलं तोंडातलं तोंडातच ठेवायचं, हे तो बघतो. तुमच्या मिस्टरांचे मजूर सगळे हजर आहेत, म्हणून बोलणं-चालणं ठीक दिसतं. मुकादम अर्ध्या दिवसाचा झालाय. पूर्वी जी कामं आपोआप व्हायची, त्यातल्या प्रत्येकाला आता जोर लावावा लागतो. सकाळभर तो जोर लावून माणूस दुपारी संपतो, मग पहिला सुटतो तो राग. थकवा ही डोक्याच्या मारातली फार मोठी तक्रार आहे, आणि ती आळसासारखी दिसते हेच वाईट. दमल्यावर झोपवण्यात फार अर्थ नाही. दमायच्या आधी, जेवण झालं की एकच्या सुमारास, तासभर अंधाऱ्या खोलीत, फोन बाहेर ठेवून पडायला लावा. तीनचं भांडण खूपदा एक वाजताच मिटतं.

आता तुमचा प्रश्न, खरं कोण बोलतंय.

‘झकास’ हे उत्तर खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमानाची व्याख्याच अशी आहे की माणसाला स्वतःला आपलं आयुष्य कसं वाटतं. डोक्याला मार लागलेल्यांसाठी ‘क्वॉलिब्री’ नावाची खास प्रश्नावली २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३७ प्रश्न आहेत: डोकं किती चालतं, स्वतःबद्दल काय वाटतं, रोजचं काम, नातीगोती, मन, शरीर. हे सगळं रुग्णालाच विचारतात, बायकोला नाही. आणि या मोजमापांतून एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आलीय. मार किती मोठा होता यावरून माणूस पुढं किती समाधानी असेल हे नीट सांगता येत नाही. ज्यांना आपल्यातलं उणं कमी दिसतं ते बऱ्याचदा समाधान जास्त सांगतात. हळूहळू दिसायला लागलं की काही जण खचतात.

म्हणून मी म्हणेन, किती सुखात आहात हे त्यांना विचारा आणि त्यांचं उत्तर खरं माना. ट्रॅक्टर चालवायचा का, औषध कुणी मोजायचं, दोन लाखांचा व्यवहार कुणी करायचा, हे त्यांना एकट्याला विचारू नका. पहिल्या प्रश्नात ते बरोबर आहेत, दुसऱ्यात तुम्ही. दोन्ही उत्तरं एकाच फॉर्मवर बसवायला गेलात म्हणून तुम्हाला रडू आलं. आणि त्या शिकाऊ डॉक्टरणीनं तुमच्यासाठी वेगळा कागद काढायला हवा होता, हेही जाता जाता सांगून ठेवते. पुढच्या वेळी तो तुम्हीच घरून लिहून न्या.

हॉवर्ड लेव्हेंथल हे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की आजार झाला की माणूस मनातल्या मनात काही प्रश्नांची उत्तरं ठरवून टाकतो. हे काय आहे, कशानं झालं, किती दिवस चालेल, याचे परिणाम काय, आणि आपल्या हातात काही आहे का. डॉक्टर काय म्हणतात त्यापेक्षा ही घरची उत्तरंच त्याला पुढं चालवतात. तुमच्या घरात बघा. मिस्टर म्हणतात काही झालेलंच नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, उतरवलं की संपेल. दीर म्हणतात सोंग आहे, दटावलं की जाईल. तुम्ही म्हणता माणूसच बदलला, कायमचा. एका चुलीभोवती चार आजार. प्रत्येक जण आपापल्या आजारावर औषध करतोय आणि दुसऱ्याला अडाणी समजतोय.

तुमच्या कहाणीलाही मी हात लावणार आहे, राग मानू नका. वर लिहिलंय ‘कधी आवाज चढवला नाही’ आणि खाली २०१९ च्या पावसात पोराला मारल्याचं लिहिलंय. अपघातानंतर आधीचा माणूस आठवणीत उजळत जातो. रुग्णांचंही होतं, घरच्यांचंही. त्या उजळलेल्या माणसाशी आजच्याची तुलना केली की आजचा रोज नापास. शिवाय एक धोका आहे, की त्यांचा प्रत्येक राग आता ‘डोक्याचा’ ठरतो. मजुरानं खरंच काम टाकलं असेल आणि ते ओरडले असतील तर तो नुसता मालकाचा राग आहे. त्याला मेंदूचा म्हणू नका. आपलं रागावणंसुद्धा आपलं मानलं जात नाही, याच्याइतकं माणसाला खाणारं दुसरं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. देवाला जाऊ द्या, नारळ फोडू द्या. अट तीनच गोष्टींची. गोळ्या, त्यातही झटक्याची, म्हणजे फिट येऊ नये म्हणूनची गोळी असेल तर ती, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद होणार नाही. उपास घडवायचा नाही. धुरी, मिरच्या, मारहाण यातलं काही नाही. आणि पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडं किती फरक असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्या बाईचं भूत काढायला जाऊ नका. एवढंच म्हणा, ‘आत्या, ती ट्रॉली तर खरीच होती ना? डोकं तर लोखंडावरच आपटलं ना?’ कारण दोन असू शकतात, हे म्हाताऱ्या माणसांना आपल्यापेक्षा लवकर पटतं.

मिस्टरांसाठी मात्र बोलणं कमी करा आणि बागेतल्या कामाची घडी बदला. मी मिरजेला न्यूरोच्या वॉर्डात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं. तिथं एक एसटीचे कंडक्टर होते. वॉर्डात सगळी गणितं अचूक, आपलं काही बिघडलंय हे ऐकूनच घेत नसत. त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही. कँटीनमधून पाच जणांचा चहा आणायला सांगितलं, आणि आधी विचारलं, किती मिनिटं लागतील, किती पैसे परत येतील? ते म्हणाले दहा मिनिटं. चाळीस मिनिटांनी तीन चहा घेऊन आले. कुणी काही बोललं नाही. त्यांनी स्वतःच कागदाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी यादी मागून घेतली.

तुम्हाला हेच करायचंय. काम सुरू व्हायच्या आधी त्यांनाच अंदाज सांगू द्या, लिहू द्या. किती वेळ लागेल, काय काय सामान लागेल, कुठं चुकू शकतं. संपल्यावर त्यांनीच पडताळायचं. आणि तुम्ही ‘बघा, मी म्हणत होते’ हे वाक्य गिळायचं. हे सगळ्यात अवघड काम आहे, मला माहीत आहे.

वही कुठली, तर फवारणीची नोंदवही. एक्स्पोर्टवाले बागायतदार तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी सगळं लिहून ठेवतातच. आजारी माणसाला विसरतो म्हणून दिलेली डायरी तुमचे मिस्टर विहिरीत टाकतील. हुशार बागायतदाराची नोंदवही खिशात ठेवतील. विसरण्यावरचा उपाय तोच आहे, फक्त त्यातून अपमान वजा झाला. मारलेल्या प्लॉटच्या कोपऱ्यावर रंगीत चिंधी बांधायची. आणि टाकीत औषध घालताना नियम सगळ्यांसाठी एकच: एक जण मोजणार, दुसरा वाचणार. दिरांनी मोजलं तरी वाचणार मिस्टर. घरात एका वेळी एकानंच बोलायचं, जेवताना टीव्ही बंद. लग्नाला गेलात तर डीजे लागायच्या आत अक्षता टाकून बाहेर.

मेंदूच्या माराची एक जुनी गोष्ट आहे, सगळीकडं अर्धीच सांगतात. अमेरिकेत १८४८ साली फिनिआस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या (हो, तोही मुकादमच) गालातून शिरून डोक्यातून एक लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण इतका तऱ्हेवाईक झाला की मित्र म्हणाले, हा गेज नव्हेच. तुमचंच वाक्य. पुस्तकं इथं थांबतात. पुढचं असं, की तो चिली देशात गेला आणि तिथं कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. सहा घोड्यांचे लगाम, उतारूंशी बोलणं, सगळं. अभ्यासकांना वाटतं की त्याच वेळा, तीच वाट, तीच घोडी या शिस्तीनं त्याला सावरलं असावं. द्राक्षबागेइतकी शिस्तीची, तारखांनी बांधलेली शेती दुसरी कुठली आहे? या एका बाबतीत तुमचं नशीब खरंच चांगलं आहे. नशीबवान म्हणणाऱ्या लोकांना ते कळलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

काही गोष्टींत मात्र मी ऐकून घेणार नाही. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर डॉक्टर लिहून देईपर्यंत बंद. दारू बंद, थोडीसुद्धा नाही. मार लागलेल्या डोक्यात झटक्याचा धोका तिनं वाढतो. विहिरीवर आणि शेततळ्यावर एकटं जायचं नाही. आणि औषधांच्या खोलीला कुलूप, किल्ली तुमच्या कमरेला. हे शेवटचं नीट वाचा. आज ते ‘झकास’ म्हणतात. हळूहळू त्यांना स्वतःचं उणं दिसायला लागेल, तेव्हा कदाचित गप्प होतील, झोप उडेल, ‘माझा काय उपयोग’ म्हणतील. मेंदूच्या मारानंतर आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि बागायतदाराच्या घरात विष हाताशी असतं. असं एक जरी वाक्य तोंडातून आलं तरी थेट विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते मनात भरत नाही. लगेच मानसोपचार डॉक्टरांकडं न्या. मध्यरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठीही फिरवू शकता.

पुढच्या तपासणीत न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी मागा. स्मरण, लक्ष, निर्णय यांची सविस्तर तपासणी त्यात होते. जोडीला ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्याची, चिठ्ठी. मिरज-सांगलीत जमलं नाही तर बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या मोठ्या सरकारी दवाखान्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मिरजेहून थेट रेल्वे आहे. अपघाताच्या भरपाईचा दावा तुम्ही केला का ते लिहिलेलं नाही. नसेल तर उद्याच वकिलाला भेटा. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं सहा महिन्यांची मुदत घातलीय आणि ती उलटून गेलीय, तरी काय करता येईल हे तेच सांगतील. चाचणीचा अहवाल तिथंही लागेल. फक्त त्या कागदांवर ‘हे काहीच करू शकत नाहीत’ असं लिहिलेलं त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचू नका. दाव्याची भाषा वेगळी आणि घराची वेगळी.

आता तुम्ही.

नवरा गेला असता तर दहा दिवस घरात माणसं आली असती, कुणी भाकरी आणली असती, तुमच्या रडण्याला जागा मिळाली असती. माणूस समोर बसलाय आणि तरी काहीतरी गेलंय, या दुःखाला सुतक नाही. लोक वर ‘नशीबवान’ म्हणतात, म्हणजे रडायचीही चोरी. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधक बाईंनी अशाच धूसर वियोगावर आयुष्यभर काम केलं. त्या म्हणतात की अशा वेळी ‘गेला’ आणि ‘आहे’ या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, एकीची निवड करायची सक्ती स्वतःवर करू नये.

रात्री अंगावर काटा येतो याची लाज वाटून घेऊ नका. दिवसभर ज्याच्या गोळ्या मोजल्या, ज्याला चार लोकांत आवरलं, त्याची रात्री बायको होणं अंगाला एकदम जमत नाही. अंग काही चुकीचं सांगत नाहीये. नाही म्हणा. पण शांतपणे, दुपारी तीनच्या आधी आणि एका वाक्यात: ‘मला अजून जमत नाही, वेळ द्या.’ तुम्ही नुसता हात झटकलात तर त्याचा अर्थ ते लावतील, आणि तो आमटीसारखाच चुकीचा लागेल. दिवसातलं सांभाळणं थोडं दुसऱ्याकडं गेलं तर रात्रीही काही बदलेल. गोळ्यांचा डबा रविवारी दिरांनी भरायचा. नाटक आहे म्हणतात ना, मग आठवड्यातून एक अख्खा दिवस त्यांनीच सोबत काढायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि तुम्ही माहेरी किंवा बचतगटात किंवा नुसतं सांगलीला गणपतीच्या देवळात जाऊन बसायचं. दोन आठवड्यांत दिरांचं मत बदलेल असं मला वाटतं. नाही बदललं तरी तुमचे दोन दिवस गेले कुठं?

‘पूर्वीसारखे कधी?’ याचं उत्तर मी देत नाही, कारण प्रश्न मला पटत नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जोरात होते, मग मंदावते, पण थांबत नाही. वर्ष-दोन वर्षांनंतरही माणसं नवीन गोष्टी जमवतात, याला पुरावा आहे. काही उणं राहील. किती, ते आज कुणी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा पुढच्या छाटणीपर्यंत काय व्हायला हवं ते दोघांनी मिळून ठरवा. त्यांना विचारा त्यांना काय हवंय. कदाचित ते नुसतं म्हणतील की मजुरांसमोर मला टोकू नकोस.

आणि आमटी. वास खरंच गेला असेल तर मसाला दुप्पट करून काही होणार नाही, पोरांची तोंडं तेवढी भाजतील. वरून लिंबू पिळा, भाजलेले शेंगदाणे घाला, सोबत कच्चा कांदा नाहीतर पापड द्या, वाढताना चांगली गरम वाढा. आंबट, कुरकुरीत आणि गरम हे नाकाशिवायही कळतं. कशानं ‘बरी झालीय’ म्हणाले ते मला कळवा. ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत जमणार नाही, त्याआधी लिहा.